लाकडावरील आळंब्यांची ओळख

मृगाच्या सरी पडून लाकूड भिजले म्हणजे बांधावरील जुन्या झाडांच्या बुंध्यांवर, तोडलेल्या खुंटांवर आणि गोठ्याच्या कुजक्या मेढींवर पंख्याच्या किंवा घोड्याच्या खुराच्या आकाराची कठीण आळंबी दिसू लागतात. ती न पाहिलेला शेतकरी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळावयाचा नाही. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या ओल्या मुलखात ती फणस, आंबा, जांभूळ अशा झाडांवर येतात. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत बाभूळ आणि कडुनिंब यांची जुनी खोडेही त्यांच्यापासून सुटत नाहीत. तथापि त्यांपैकी एखाद्याचे नाव विचारले असता “आळंबे आहे” यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाही.

हे आळंबे नेमके कोणत्या जातीचे, हे कसे ठरवितात. पूर्वी कोणास न कळलेली नवी जात सापडली असे केव्हा म्हणावयाचे. आणि या कामी शेतकऱ्याचा काही उपयोग आहे की काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरात गेले. परंतु एका नावाची नोंद चुकली म्हणजे पुढील प्रत्येक उताऱ्यात ती चूक कशी उतरत जाते, हे त्या दप्तरात पुष्कळ पाहिले. आळंब्यांच्या बाबतीतही तोच प्रकार आहे, असे या विषयाचे वाचन करिता आमच्या ध्यानात आले.

आळंबे म्हणजे काय

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाडावर जे दिसते ते त्या कवकाचे केवळ फळ होय. त्याचे खरे शरीर म्हणजे लाकडाच्या आत पसरलेले अत्यंत बारीक तंतू. फांदी मोडल्याने, कुऱ्हाडीचा घाव बसल्याने अथवा छाटणीच्या जागी जी जखम होते, तीतून हे कवक आत शिरते आणि कित्येक वर्षे लाकूड खात राहते. फळ बाहेर येते तेव्हा आतील काम पुष्कळसे उरकलेले असते. याकरिता वरचे आळंबे कुऱ्हाडीने उडविले म्हणजे रोग गेला, असे समजणे ही चूक आहे.

लाकूड कुजण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात कवक लाकडातील काष्ठद्रव्य आणि तंतुद्रव्य ही दोन्ही खाते. तेव्हा लाकूड पांढुरके, मऊ व धाग्याधाग्यांचे होते. दुसऱ्यात मुख्यतः तंतुद्रव्य खाल्ले जाऊन काष्ठद्रव्य मागे उरते; तेव्हा लाकूड तपकिरी होऊन चौकोनी भेगा पडतात आणि बोटाने चुरडता येते. काही कवके केवळ जुन्या झाडाचा मृत गाभा पोखरतात. असे झाड पोकळ होऊनही कित्येक वर्षे फळे देते. काही मात्र जिवंत मुळे मारतात आणि मुळास मूळ लागून शेजारच्या झाडाकडे जातात. यांपैकी कोणते कवक आपल्या झाडावर आहे यावर झाड ठेवावे की मुळासकट खणून काढावे, हे अवलंबून असते. म्हणून नाव हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे.

फणसोंब्याचे उदाहरण

पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात फणसाच्या जुन्या झाडावर येणाऱ्या कठीण, तांबूस-तपकिरी आळंब्यास फणसोंबा म्हणतात. लहान मुलाचे तोंड आले किंवा लाळ फार गळू लागली तर तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याचा प्रघात जुना आहे. काष्ठौषधींच्या दुकानांतून तो विकलाही जातो. पुणे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी लोकवैद्यकातील अशा कवकांचा अभ्यास केला व १९९३ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. फणसोंबा या एकाच नावाखाली फेलिनस वंशाच्या एकाहून अधिक जाती वापरात आहेत, ही गोष्ट अशा अभ्यासांतून पुढे आली.

याचा प्रत्यय आम्हांस घरीच आला. गतवर्षी श्रावणात नातवाचे तोंड आले, तेव्हा घरातील वडील मंडळींनी फणसोंबा आणावयास सांगितले. आम्ही एका दुकानातून चार तुकडे आणिले. उगाळण्यापूर्वी सहज भिंगाखाली धरले तो तीन तुकडे एका तऱ्हेचे आणि चौथा निराळा! तिघांचा आतील गर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, खालील छिद्रे इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसू नयेत. चौथ्याचा गर बुचासारखा पांढुरका आणि छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी मोठी. गावच्या शाळेतील शास्त्रशिक्षकांनी कॉस्टिक पोटॅशच्या पातळ पाण्याचा एकेक थेंब प्रत्येक तुकड्याच्या गरावर टाकिला. तीन तुकडे तात्काळ काळे पडले, चौथ्यावर काहीच परिणाम झाला नाही. फेलिनस व त्याच्या जवळच्या नातलगांचा गर या पाण्याने काळा पडतो, हे त्या वर्गाचे प्रसिद्ध लक्षण आहे. अर्थात चौथा तुकडा फणसोंबा नव्हता, इतके निश्चित झाले. पण उरलेले तीन कोणत्या जातीचे, हे आम्ही किंवा गुरुजी सांगू शकलो नाही. आम्ही चारही तुकडे बाजूला ठेविले आणि मुलास वैद्यांकडे नेले. तान्ह्या मुलाच्या तोंडात काय जाते याची खात्री नसता केवळ दुकानदाराच्या नाव सांगण्यावर विसंबणे आम्हांस योग्य वाटले नाही.

या लहानशा प्रसंगात सर्व विषय आलेला आहे. डोळ्यांनी व भिंगाने “हे ते नव्हे” असे पुष्कळदा सांगता येते. “हे अमुकच” असे सांगण्यास अधिक साक्षीपुराव्याची गरज लागते.

रूपाची साक्ष

कवकशास्त्रज्ञ नमुना हाती आला म्हणजे पुढील गोष्टी क्रमाने पाहतो. आळंबे एकवर्षी आहे की अनेकवर्षी. अनेकवर्षी असेल तर कापल्यावर नळ्यांचे थर एकावर एक दिसतात. वरचा पृष्ठभाग चकचकीत, केसाळ, गुळगुळीत की भेगाळलेला. देठ आहे की नाही. गराचा रंग कोणता. खालच्या बाजूस छिद्रे, पाती की दात आहेत. छिद्रे असल्यास एका मिलिमीटरमध्ये ती किती बसतात. ही मोजणी साधी पट्टी व चांगले भिंग यांनी कोणासही करिता येते.

पुढील तपासणीस सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. तीत तंतूंच्या भिंती जाड की पातळ, त्यांस गाठी आहेत की नाहीत, तपकिरी टोकदार काटे आहेत की नाहीत, आणि मुख्य म्हणजे बीजाणू कसे आहेत, हे पाहतात. बीजाणू म्हणजे कवकाचे बी. त्याची लांबी मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले म्हणजे त्यांपैकी एक मायक्रॉन होय. गॅनोडर्मा नावाच्या चकचकीत आळंब्यांचा बीजाणू दुहेरी भिंतीचा व एका टोकास छाटल्यासारखा असतो. त्यावरून तो वंश चटकन ओळखता येतो. एका बीजाणूवर निर्णय देत नाहीत. पुष्कळसे मोजून लहानमोठ्याची मर्यादा लिहितात.

आपल्या प्रांतात हे काम पुष्कळ दिवसांपासून चालत आलेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील फादर ब्लॅटर यांनी मुंबई इलाख्यातून कवके गोळा केली आणि थायसन यांनी त्यांची ओळख पटवून १९११ साली युरोपातील नियतकालिकात वृत्तांत छापिला. त्या काळी नमुना आगबोटीने परदेशी धाडल्यावाचून नाव मिळत नसे. पुढे १९४६ साली पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी संस्था स्थापन झाली. सांप्रत ती आघारकर संशोधन संस्था या नावाने चालते. जुन्या पिढीतील कवकशास्त्रज्ञ एस. एल. आजरेकर यांच्या नावाचा वाळविलेल्या कवकांचा संग्रह आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह ही दोन्ही तेथे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील गॅनोडर्माच्या जातींवर पुण्याच्या अभ्यासकांचा एक विस्तृत लेख २०१० साली प्रसिद्ध झालेला आहे.

रूप कोठे अपुरे पडते

रूपाची साक्ष मोलाची खरी, परंतु ती दोन ठिकाणी फसविते. पहिले असे की, एकच जात निरनिराळ्या झाडांवर, उन्हात व सावलीत, कोवळी व जुनी असता निरनिराळी दिसते. दुसरे असे की, दोन निराळ्या जाती कधी कधी सख्ख्या भावांसारख्या दिसतात.

गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. लाखेने रंगविल्यासारख्या चकाकणाऱ्या आळंब्यास १७८१ साली कर्टिस याने इंग्लंडातील नमुन्यावरून ‘ल्युसिडस’ हे नाव दिले. १८८१ साली कार्स्टेन याने त्यासाठी गॅनोडर्मा हा वंश निर्माण केला. पुढे चीन, जपान, हिंदुस्थान, आफ्रिका, अमेरिका, जेथे म्हणून तांबूस चकचकीत आळंबे दिसले तेथे हेच नाव लागत गेले. आपल्याकडेही खुंटावर आलेल्या चकचकीत आळंब्यास ग्रंथांतून तेच नाव मिळाले. १९९५ च्या सुमारास डी.एन.ए. तपासणी सुरू झाली तेव्हा हे नाव जगभर चुकीच्या आळंब्यांना लागलेले आहे, असे उघड झाले. चीनमध्ये औषधासाठी लावण होते ते आळंबे इंग्लंडातील जातीहून निराळे ठरले आणि २०१२ साली त्यास गॅनोडर्मा लिंगझी असे स्वतंत्र नाव देण्यात आले. पुष्कळ काळ एकाच्या नावाचा उतारा दुसऱ्याच्या हाती राहिला होता!

फणसोंब्याच्या फेलिनस वंशाची गोष्टही तशीच. २००१ व २००२ साली वॅग्नर आणि फिशर यांनी डी.एन.ए. च्या आधारे दाखविले की, तपकिरी गराची ही सर्व मंडळी एका कुटुंबातील नव्हेत. पुढे त्या मोठ्या वंशाची वाटणी होऊन कित्येक जाती दुसऱ्या वंशांत गेल्या. जुन्या ग्रंथात फेलिनस म्हणून वाचलेली जात नव्या ग्रंथात फुल्विफोमिस या नावाने आढळते, याचे कारण हे होय. नावातील पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. वाटणी झाली म्हणजे पहिला बदलतो आणि दुसरा बहुधा तोच राहतो.

डी.एन.ए. ची साक्ष

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. नावाचा अत्यंत लांब धागा असतो. त्यावर चार प्रकारची अक्षरे एका विशिष्ट क्रमाने लागलेली असतात, आणि हा क्रम आईबापांकडून संततीकडे जातो. दोन जाती एकमेकींपासून दूर गेल्या म्हणजे या क्रमात हळूहळू फरक पडत जातो. म्हणून अक्षरांचा क्रम वाचून नाते ठरविता येते.

सबंध धागा वाचण्याची गरज बहुधा नसते. कवकांच्या बाबतीत आय.टी.एस. नावाचा, सामान्यतः ५०० ते ७०० अक्षरांचा एक तुकडा वाचतात. तो वाचण्याची सोय १९९० साली व्हाइट, ब्रन्स, ली आणि टेलर यांनी लावून दिली. २०१२ साली तो कवकांच्या ओळखीचा सर्वमान्य तुकडा म्हणून सुचविण्यात आला.

रीत थोडक्यात अशी. वाळलेल्या आळंब्याच्या आतील गराचा तांदळाच्या दाण्याएवढा स्वच्छ तुकडा घेऊन वाटतात. औषधे घालून डी.एन.ए. निराळा करितात. नंतर यंत्रात तो पाळीपाळीने तापवून व निववून हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढितात. तीस-पस्तीस वेळा हा फेरा झाला म्हणजे वाचण्याइतक्या प्रती तयार होतात. ही युक्ती कॅरी मलिस याने १९८३ साली शोधिली. प्रतींतील अक्षरे यंत्र वाचते आणि तो क्रम जगातील अभ्यासकांनी जमविलेल्या सार्वजनिक संग्रहाशी ताडून पाहतात.

आतील गरच घ्यावयाचा, यास कारण आहे. आळंब्याच्या पृष्ठभागावर दुसऱ्या बुरशी नेहमी वाढत असतात. नमुना ओला राहून बुरसला तर यंत्र प्रामाणिकपणे त्या उपऱ्या बुरशीचेच नाव सांगेल.

या साक्षीचीही उलटतपासणी हवी

आता कोणी म्हणेल की, यंत्र नाव सांगते तर भिंग आणि सूक्ष्मदर्शक कशास पाहिजेत? हा समज घातक आहे. यंत्र नाव सांगत नाही. ते केवळ अक्षरे देते. नाव मिळते ते संग्रहात पूर्वी कोणी तशाच अक्षरांपुढे जे नाव लिहून ठेविले त्यावरून. ती जुनी नोंदच चुकलेली असेल तर? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, संग्रहातील कवकांच्या नोंदींपैकी सुमारे वीस टक्के नोंदींची जात चुकीची असावी, असे आढळले. गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाखाली तर निरनिराळ्या जातींची अक्षरे जमा झालेली होती. चुकीच्या फेरफारावरून काढलेला उतारा शिक्का असला तरी चुकीचाच असतो.

दुसरी अडचण अशी की, अक्षरांत किती फरक पडला म्हणजे जात निराळी मानावी, याचा सर्वांस लागू पडणारा एक आकडा नाही. शेकडा दोन-तीन फरकाचा ठोकताळा पुष्कळ वापरतात. परंतु काही वंशांत त्याहून कमी फरकाच्या जाती खऱ्याच निराळ्या असतात, तर काहींत एकाच जातीत तेवढा फरक सापडतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे अभ्यासक एकावर न थांबता दोनतीन निरनिराळे तुकडे वाचतात आणि एकाहून अधिक ठिकाणचे नमुने घेतात.

नवी जात केव्हा म्हणावी

रूपात सतत टिकणारा फरक आणि डी.एन.ए. मध्ये स्वतंत्र शाखा, ही दोन्ही एकाच दिशेस बोट दाखवू लागली म्हणजे नव्या जातीचा दावा बळकट होतो. तरीही काम संपत नाही. जवळच्या सर्व ज्ञात जातींची वर्णने, आणि शक्य तेथे त्यांचे मूळ नमुने, ताडून पाहावे लागतात. नाहीतर शंभर वर्षांपूर्वी कोणी नाव दिलेल्या कवकास पुन्हा नवे नाव दिले जाते.

नंतर नियमांप्रमाणे नोंद करावयाची. १९५८ सालापासून नव्या जातीबरोबर एक मूळ नमुना नेमून दाखविणे सक्तीचे आहे. हा वाळविलेला नमुना संग्रहात कायम जपला जातो. पुढे वाद निघाला तर निर्णय त्याच्या आधारे होतो. गावच्या हद्दीचा वाद जसा शेवटी मूळ मोजणीच्या नकाशावर येतो, तसेच हे. २०१२ सालापासून वर्णन लॅटिनप्रमाणेच इंग्रजीतही चालते, आणि २०१३ सालापासून कवकाच्या नव्या नावास मान्य नोंदणीसंग्रहाचा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांकावाचून छापलेले नाव ग्राह्य धरीत नाहीत.

अजून किती जाती बाकी असतील? २०१७ साली हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग यांनी जगातील कवकांच्या जाती २२ लाखांपासून ३८ लाखांपर्यंत असाव्यात, असा अंदाज बांधिला. त्या वेळी नाव मिळालेल्या जाती सुमारे १,२०,००० होत्या. म्हणजे शंभरातील फार तर पाचसहांची ओळख झालेली. कोयना व चांदोली यांच्या सदाहरित रानापासून माणदेशाच्या माळापर्यंत इतक्या तऱ्हेची हवा आणि झाडे ज्या दोन जिल्ह्यांत आहेत, तेथील लाकडावर नाव नसलेली आळंबी असतील, यात नवल नाही.

डाळिंबाच्या मरीचे उदाहरण

हा सर्व प्रपंच बागाइतीच्या कामी कसा येतो, हे आटपाडी भागातील डाळिंबवाल्यांना सांगावयास नको. झाडाची एक फांदी पिवळी पडते, मग दुसरी, आणि पाहता पाहता सबंध झाड वाळते. बुंधा आडवा कापिला असता लाकडात काळसर-तपकिरी डाग दिसतात. यास कारण होणारे मुख्य कवक म्हणजे सेरॅटोसिस्टिस फिम्ब्रिएटा. परंतु फ्युझेरियम नावाच्या दुसऱ्या बुरशीनेही मर येते. मुळांवरील सूत्रकृमी आणि खोडास बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे झाडास आणखी दुबळे करितात. वरून पाहता सर्वांचे दुखणे सारखेच दिसते, आणि नुसत्या अंदाजाने औषधे ओतण्यात पैसा जातो.

येथे रूपपरीक्षेची एक साधी व सुंदर रीत आहे. डाग पडलेल्या ताज्या लाकडाची ढलपी स्वच्छ गाजराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून ओलसर डब्यात झाकून ठेवावी. सेरॅटोसिस्टिस असेल तर सुमारे आठवड्या-दीड आठवड्यात चकत्यांवर लांब मानेच्या सूक्ष्म काळ्या सुरया उगवतात आणि त्यांच्या टोकाशी बीजाणूंचा थेंब जमतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते बीजाणू टोपीच्या आकाराचे दिसतात. फ्युझेरियमला अशा सुरया येत नाहीत. मात्र सुरया न आल्या म्हणजे हे कवक नाहीच, असे समजू नये. लाकूड जुने असेल तर परीक्षा फसते.

या कवकाचे नाव मात्र सरळ नाही. १८९० साली ते अमेरिकेत रताळ्यावरून प्रथम वर्णिले गेले. पुढे जगभर निरनिराळ्या झाडांवर तेच नाव लागले, डी.एन.ए. ने दाखविले की हा एकमेकांजवळच्या अनेकांचा समूह आहे. ओमान व पाकिस्तान येथील आंबे मारणाऱ्या कवकास २००७ साली सेरॅटोसिस्टिस मँजिनेकॅन्स असे निराळे नाव मिळाले. परंतु पुढे काही अभ्यासकांनी दोहोंचा संकर घडवून पाहिला आणि ही जात निराळी मानू नये, असा पक्ष मांडिला. हा वाद कोरडा नव्हे. एका झाडावरील कवक दुसऱ्या झाडावर चालते की नाही, रोपे आणि कलमे कोठून आणावीत, कोणते वाण टिकतील, या प्रश्नांची उत्तरे ही जात एक की अनेक यावर पुष्कळशी अवलंबून आहेत.

शेतकऱ्याने काय करावे

डी.एन.ए. वाचणे आपले काम नव्हे. परंतु त्यापूर्वीची अर्धी साक्ष शेतकऱ्याच्याच हाती असते, आणि ती हरवली तर कोणतीही प्रयोगशाळा ती परत आणू शकत नाही. ही गोष्ट आम्ही नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी बांधावरील जुन्या आंब्याच्या बुंध्याशी एक मोठे आळंबे आले. ते उपटून आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत बांधिले आणि आठ दिवसांनी एका अभ्यासकांकडे पाठविले. पोचले तेव्हा त्याचा लगदा होऊन त्यावर हिरवी बुरशी आली होती. सोबत चिठ्ठीही नव्हती. नाव काही मिळाले नाही. पुढच्या आषाढात वारा-पावसात झाड मुळासकट आडवे झाले व गोठ्याचे छप्पर घेऊन पडले. सुदैवाने जनावरे रानात होती. मुळे कुजविणारे कवक आहे, हे वेळीच कळते तर झाड आधी उतरविले असते.

याकरिता पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आळंबे काढण्यापूर्वी जागेवर त्याची छायाचित्रे घ्यावीत : वरून, खालून आणि सबंध झाडासह. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे.

२. झाड कोणते, जिवंत की मेलेले, आळंबे मुळाशी की किती फुटांवर, गाव, तालुका आणि तारीख, ही माहिती शिसपेनने कागदावर लिहून नमुन्याबरोबर ठेवावी. शाई ओलाव्याने पसरते. झाडाचे नाव विसरू नये. पुष्कळ कवके ठराविक झाडांवरच येतात.

३. ताजे आळंबे छिद्रांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर ठेवावे व वर भांडे पालथे घालावे. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला मिळाल्यास तो कागद घडी करून जपावा. त्याचा रंग ओळखीच्या कामी येतो.

४. नमुना प्लास्टिकमध्ये कधीही बांधू नये. कोमट हवेत खडखडीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. मोठे आळंबे वाळण्यापूर्वी उभे चिरावे. निखाऱ्यावर भाजू नये, त्याने डी.एन.ए. नासतो.

५. एकाच झाडावर पुष्कळ असतील तर एकदोनच घ्यावीत. अभयारण्य व राखीव रानातून परवानगीवाचून काहीही आणू नये. आपला बांध आणि आपली बाग येथेच पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

६. ओळख पटल्यावाचून कोणतेही आळंबे खाऊ नये किंवा मुलास उगाळून देऊ नये. कॉस्टिक पोटॅशचा थेंब शिक्षकाच्या हातूनच टाकवावा. ते पाणी कातडीस व डोळ्यांस भाजते. शिवाय गॅनोडर्माचा तपकिरी गरही त्याने काळवंडतो. तेव्हा एवढ्यावरून फणसोंबा ठरवू नये.

७. नमुना धाडण्यापूर्वी पत्र लिहून विचारावे. कवकांच्या ओळखीसाठी पुण्याची आघारकर संस्था आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, पिकांच्या रोगांसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ, व डाळिंबासाठी सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ही आपल्या बाजूची ठिकाणे होत.

आमच्याजवळील फणसोंब्याचे ते चार तुकडे अद्याप पाकिटात आहेत. परंतु ते कोणत्या झाडावरचे, कोणत्या गावचे, हे दुकानदारास सांगता आले नाही. त्यामुळे उद्या त्यांची अक्षरे वाचून कोणी जात सांगितली तरी तिचे ठिकाण कधीच कळावयाचे नाही. याउलट एखाद्या वाचकाच्या परसातील फणसावर यंदा आळंबे आले आणि त्याने झाड, गाव व तारीख लिहून ते नीट वाळवून ठेविले, तर तो नमुना आमच्या चार तुकड्यांहून मोलाचा ठरेल. नवी जात निघो वा जुनीच ठरो, नोंद खरी राहील. पाऊस तोंडावर आलेला आहे. चिठ्ठी, शिसपेन आणि कागदी पाकीट घरात काढून ठेवावे, इतकेच आमचे वाचकांस सांगणे आहे.